कमाल चौक काही दूर नाही

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापन दिनाच्या मंचावरून धम्मावर बोलावं, चळवळीवर बोलावं, अशी आपल्याकडची पद्धत आहे. सकाळपासून अधिकारी व्यक्तींनी ते काम उत्तम केलेलं आहे. संयोजकांनी आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही कागदावर "कमाल चौकात पायी जाणे" असं लिहून दिलं. कार्यकर्ते हसले. एकानं विचारलं, "एवढ्यावर वीस मिनिटं काय बोलाल जी?" बोलण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून आपल्यापुढे उभे आहोत.

आम्ही म्हणजे आमच्या गल्लीतले सात जण. दोघं सेवानिवृत्त, एक अंगणवाडी सेविका, एक शिलाईकाम करणाऱ्या ताई, कॉलेजात शिकणारी दोन मुलं आणि एक आजी. खरं म्हणजे सुरुवात आजींपासूनच झाली. दोन वर्षांपूर्वी आजी औषधाच्या गोळ्या आणायला निघाल्या होत्या. रस्ता ओलांडताना उलट्या बाजूनं आलेल्या एका मोटरसायकलचा धक्का लागून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी आली, चालता येऊ लागलं. पण एकटीनं रस्ता ओलांडायची त्यांची हिंमत गेली. ज्या बाईनं पन्नास वर्षं ह्याच रस्त्यानं ये-जा केली, ती आता कोणी सोबत असेल तरच गल्लीच्या बाहेर पडते. म्हणून आम्ही आळीपाळीनं त्यांच्यासोबत जाऊ लागलो आणि त्यांच्या पावलानं चालताना आपला रस्ता पहिल्यांदा नीट पाहिला.

मग गेल्या आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला तेव्हा आम्ही सातही जणांनी ठरवलं की, हे तीन महिने बाजाराची, बँकेची, दुकानाची जी कामं दीड-दोन किलोमीटरच्या आतली आहेत, ती पायी करायची. वर्षावासात भिक्खूंची चारिका थांबते आणि तुम्ही नेमके तेव्हाच चालायला निघाले, अशी भन्तेजींनी आमची थट्टा केली. पण हा संकल्प आम्ही नागपूरच्या मे महिन्यात केला असता तर तिसऱ्या दिवशी मोडला असता, हेही तितकंच खरं.

आता दीड-दोन किलोमीटर म्हणजे किती? इंदोरा चौकाकडून कमाल चौक ही पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे. जरीपटक्याचा बाजारही फार लांब नाही. साधारण प्रकृतीचा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर सहज चालतो, म्हणजे एका किलोमीटरला बारा ते पंधरा मिनिटं. आपली रोजची बहुतेक कामं ह्याच अंतरातली आहेत. भाजी, किराणा, मेडिकल, झेरॉक्स, चक्कीवर सांगून यायचं, शिंप्याकडून ब्लाऊज आणायचा. आणि ह्या प्रत्येक कामाला घरातून गाडी निघते. कोथिंबिरीच्या जुडीला गाडी, पानठेल्यावर जायला गाडी. आमच्या गल्लीत तर एक गृहस्थ गल्लीच्या टोकावरून दुधाची पिशवी आणायला गाडी काढतात. ते समोरच बसलेले आहेत आणि हसत आहेत, म्हणून नाव घेत नाही.

पहिल्या आठवड्यात आम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर तो पावसाचा नाही, चिखलाचा नाही. एका प्रश्नाचा झाला. "काऊन जी, आज पायीच चालून राहिले? गाडी बिघडली का?" एका संध्याकाळी कमाल चौकात पोहोचेपर्यंत चार जणांनी हे विचारलं. त्यातल्या दोघांनी गाडी थांबवली आणि म्हणाले, "बसा काकाजी, सोडून देतो." नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटलं. प्रश्न मायेचाच होता. पण बंधू-भगिनींनो, गाडी असलेला धडधाकट माणूस पायी चालतो आहे याचा अर्थ काहीतरी बिघडलं आहे, एवढा एकच अर्थ आपल्याला सुचतो. आमच्या शिलाईवाल्या ताईंना तर एका बाईनं बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हप्ते थकले का हो? गाडी ओढून नेली का?"

याचं कारण आपल्या वस्तीच्या इतिहासात आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय कोणाला चालण्याचा उपदेश करणं हा उद्धटपणा होईल. एम्प्रेस मिल नागपुरात १८७७ साली सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे भोंगा ऐकून डबा हातात घेऊन पायी मिलमध्ये गेले. बाया विड्यांची सुपं घेऊन पायी गेल्या, बांधकामावर पायी गेल्या, डोक्यावर धान्य घेऊन पायी आल्या. त्यांना कोणी विचारलं नव्हतं की तुम्हाला चालायची आवड आहे का. पुढे सायकल आली. एखाद्याची रेल्वेत, पोस्टात, शाळेत नोकरी लागली आणि लुना आली. लुना घरी आली त्या दिवशी तिला हार घातला गेला, पेढे वाटले गेले, शेजारची पोरं तिच्याभोवती गोळा झाली. मग स्कूटर, मग मोटरसायकल. दारातली गाडी म्हणजे आपण वर आलो याचा पुरावा होता. ज्या घरात तीन पिढ्या पाय झिजले, त्या घरानं गाडीचा अभिमान बाळगला तर त्यात वावगं काही नाही. आम्हीही बाळगतो.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो, गाडी विका असं आमचं म्हणणं नाही. दहा किलो पिठाचा डबा डोक्यावर घेऊन या, असंही नाही. ते आपल्या आयांनी पुष्कळ केलं. रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल, लेकीला ट्युशनवरून अंधारात आणायचं असेल, सिलिंडर आणायचं असेल, तर गाडी हवीच. आमचा मुद्दा एवढाच आहे की, पूर्वी आपण चालत होतो ती मजबुरी होती. आज दारात गाडी उभी असताना जो पायी निघतो, त्याला मजबुरी नाही. तो आपल्या मर्जीनं चालतो. ह्या दोन्ही चालण्यांत फरक आहे आणि तो आपण ओळखला पाहिजे.

आणि मर्जीनं चालणाऱ्या माणसांची गरज का आहे, तेही सांगतो.

आपल्या वस्तीत आजही ज्यांच्याकडे गाडी नाही असे लोक चालतातच. धुणीभांडी करणाऱ्या बाया पहाटे चालतात, सफाई कामगार चालतात, शाळेतली लेकरं चालतात, म्हातारी माणसं चालतात. त्यांना रस्ता कसा आहे हे ठाऊक आहे. पण त्यांचं ऐकतं कोण? जे अर्ज लिहितात, सभेत बोलतात, नगरसेवकांना फोन करतात, ते सगळे गाडीवरून जातात. गाडीवरच्या माणसाला रस्त्यातला खड्डा दिसतो. नालीवरचं फुटलेलं झाकण दिसत नाही, कारण त्याच्यावरून त्याला जावं लागत नाही. फुटपाथ कुठे संपतो हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे तक्रार जाते ती खड्ड्याची, आणि झाकण तसंच राहतं. आम्ही सात जण तीन महिने चाललो तेव्हा आमच्या तोंडून पहिल्यांदा झाकणाची तक्रार निघाली. त्या आधी ती आजी एकट्याच करत होत्या.

रस्त्यावरून चालणं ही गोष्ट आपल्या लोकांना फुकट मिळालेली नाही. केरळात वायकोमला १९२४-२५ साली जो सत्याग्रह झाला तो देवळाच्या भोवतालच्या रस्त्यांवरून चालता यावं यासाठी होता, देवळात जाण्यासाठीसुद्धा नव्हता. महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्याकडे गेले ते भर रस्त्यानं, रांगेनं, पायी चालत गेले. पाण्याचा हक्क तर होताच. पण गावाच्या सार्वजनिक रस्त्यानं ताठ मानेनं चालणं हाही त्या दिवसाचा भाग होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर कितीतरी कुटुंबं गावाकडून पायी आली होती, हे आपण आपल्याच घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं आहे.

आजची अडवणूक जातीची नाही, वेगाची आहे. सरकारी आकडा सांगतो. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक. ह्या माणसांनी कोणाला धडक दिली नव्हती. ती भाजी आणायला, शाळेत, कामावर निघाली होती. दुचाकीवर गेलेल्यांची संख्या तर याच्या दुपटीहून जास्त आहे, तेव्हा गाडीवर बसलं म्हणजे सुरक्षित झालं असंही समजू नये.

आता वेळेचा हिशेब. चालण्यात वेळ जातो, असा सर्वांचा आक्षेप असतो. आमच्या कॉलेजातल्या पोरांनी तो एकदा तपासून पाहिला. एक मुलगा गाडीवर, दुसरा पायी, काम एकच: कमाल चौकातून औषधं आणि भाजी आणायची. वेळ संध्याकाळी साडेसहाची, बाजाराची. गाडीवाल्याला आधी बोळातून गाडी काढायला पुढच्या दोन गाड्या सरकवाव्या लागल्या. हेल्मेट शोधलं. चौकात थांबला. बाजारात गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून पुढे नेऊन लावली आणि मागे चालत आला. परतताना त्याच्या गाडीमागे कोणीतरी दुसरी गाडी लावून गेलं होतं. तो एकतीस मिनिटांनी घरी पोहोचला. पायी गेलेला त्रेचाळीस मिनिटांनी. बारा मिनिटांचा फरक पडला. शून्य नाही, पण आपल्याला वाटतो तेवढाही नाही. गाडीनं पाच मिनिटांत जाऊन येतो, असं आपण म्हणतो ते फक्त गाडी चालू असतानाची मिनिटं मोजून म्हणतो.

पैशाचंही खरं ते सांगू. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे. रोजची अडीच किलोमीटरची फेरी वाचवली तर महिन्याला पंचाहत्तर किलोमीटर होतात. चाळीस-पन्नासचा ॲव्हरेज धरला तर दीड-पावणेदोन लिटर. म्हणजे दीडशे ते दोनशे रुपये. एवढ्यानं कोणी श्रीमंत होत नाही. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, थंड इंजिन पहिल्या दोन किलोमीटरमध्ये जास्त पेट्रोल खातं, आणि रोज अशा तोकड्या फेऱ्या मारल्या तर ऑइल नीट तापत नाही, आत साचलेला ओलावा उडून जात नाही, सायलेन्सर आतून गंजतो, बॅटरी पूर्ण चार्ज होत नाही. कोणत्याही जुन्या मिस्त्रीला विचारा. गाडी लांबच्या प्रवासानं जेवढी थकत नाही, तेवढी पानठेल्याच्या फेऱ्यांनी थकते. दुसरी गोष्ट मोठी आहे. "जवळच्या कामांसाठी एक मोपेड असू द्या" म्हणून कर्जावर जी दुसरी गाडी घरात येते, तिचा महिन्याचा हप्ता दोनशे रुपयांचा नसतो. ती दुसरी गाडी टळली तर मात्र खरी बचत आहे. आमच्या सातांपैकी एका घरी ती टळली.

प्रकृतीबद्दल डॉक्टर मंडळी आपल्याला नेहमी सांगतात, म्हणून लांबण लावत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण असल्याचा अंदाज आहे. आपल्या गल्लीत घराघरांत साखरेच्या गोळ्या आहेत. जेवणानंतर थोडं चाललं तर रक्तातली साखर एकदम चढत नाही. आपली शतपावली हेच सांगत होती. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. कमाल चौकाची जाऊन-येऊन एक फेरी तीस-चाळीस मिनिटांची, म्हणजे आठवड्यातून चार-पाच फेऱ्यांत तो कोटा भरतो. वेगळी जिमची फी नको. आमच्या ओळखीचे काही तरुण गाडीवर बसून जिममध्ये जातात आणि तिथे पट्ट्यावर चालतात. त्यांच्याबद्दल आम्ही काही बोलत नाही.

मोबाईलमध्ये रोजची दहा हजार पावलं मोजणारी मुलंही खूप झाली आहेत. मुलांनो, हा दहा हजारांचा आकडा काही वैद्यकीय ग्रंथातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. तिथून तो जगभर गेला. तेव्हा नऊ हजार झाली म्हणून रात्री अकरा वाजता गच्चीवर फेऱ्या मारू नका. दिवसा आईला कोथिंबीर आणून द्या.

आपल्याकडचं याहून जुनं मार्गदर्शन आहे, तेवढं एक सांगतो, कारण ते चालण्याबद्दलचंच आहे. अंगुत्तर निकायाच्या पञ्चक निपातात चंकमणाचे, म्हणजे फेऱ्या घालत चालण्याचे पाच लाभ भगवंतांनी सांगितले आहेत. दूरचा प्रवास झेपतो, उद्योगाची ताकद येते, आजार कमी होतात, खाल्लं-प्यायलेलं नीट पचतं, आणि चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. हे सांगणारा माणूस स्वतः बोधगयेहून सारनाथपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर पायी गेला आणि त्यानंतर पंचेचाळीस वर्षं गावोगाव चालत राहिला. पाचातले चार लाभ तर अगदी व्यवहारातले आहेत. पाचव्याबद्दल आम्ही एवढंच म्हणू की, कमाल चौकाच्या गर्दीत एकाग्रता साधणं अवघड आहे. तिथे सगळं लक्ष पायाखाली आणि हॉर्नकडे असतं.

पण गल्लीबोळातून चाललं तर वेगळा अनुभव येतो. मोठा रस्ता सोडून आतल्या वाटेनं गेलं की कोणाच्या घरी पापड वाळत आहेत, कोणाच्या घरी सनई ठरली आहे, कोणाचं पोर बारावी पास झालं, सगळं कळतं. आमच्यातल्या अंगणवाडी ताईंनी एकदा गल्लीतल्या नऊ वर्षांच्या मुलाला सहज विचारलं, "बेटा, आपल्या चक्कीवर कसं जायचं?" तो म्हणाला, "पप्पा नेतात." रस्ता विचारला तर सांगता आला नाही. रोज गाडीच्या मागं बसून, पप्पांच्या पाठीकडे पाहत तो तिथून जातो. आता तो आमच्यासोबत शनिवारी येतो. तीन आठवड्यांत त्याला चक्की, टपालपेटी, दोन विहिरी आणि कोणत्या घरचा कुत्रा भुंकतो पण चावत नाही, एवढं पाठ झालं.

आणखी एक प्रसंग सांगतो. आमच्या मागच्या गल्लीत एक सेवानिवृत्त गुरुजी एकटे राहतात. एका सकाळी दहाच्या सुमारास भाजी घेऊन येताना आमच्यापैकी एकाला त्यांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. गुरुजी म्हणजे सहाला दूध आत घेणारा माणूस. दार ठोठावलं, आवाज नाही. खिडकीतून पाहिलं तर तापानं ग्लानीत पडलेले. डेंग्यू निघाला. चार दिवस भरती होते, बरे झाले, आज इथे आलेले आहेत. त्या सकाळी त्यांच्या दारावरून वीस-पंचवीस गाड्या तरी गेल्या असतील. त्या लोकांचा दोष नाही. गाडीवरून दाराशी पडलेली पिशवी दिसत नाही.

आता अडचणी. त्या नाहीत असं म्हणणं खोटेपणा होईल. उन्हाळ्यात दुपारी नागपुरात पायी फिरणं म्हणजे लू ओढवून घेणं आहे. पारा पंचेचाळीसच्या घरात असतो. एप्रिलपासून सकाळी नऊच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर, डोक्याला दुपट्टा, निघण्याआधी पाणी किंवा ताक, एवढं पाळावंच. वयस्कर माणसांनी त्या दिवसांत घरी राहावं. ज्या रस्त्याला कडुनिंबाची सावली आहे तो दोन मिनिटं लांबचा असला तरी तोच घ्यावा. आणि सावली पाहिजे असेल तर कोणी झाड तोडायला आलं तेव्हा गप्प बसू नये.

बायांच्या अडचणी वेगळ्या आहेत. अंधाऱ्या बोळात, पानठेल्यासमोरच्या टोळक्यातून एकटीनं जाणं नको वाटतं. आमच्या ताईंचा अनुभव असा की, दोघी-तिघी मिळून ठराविक वेळेला निघाल्या तर तो त्रास बराच कमी होतो. पण बंद पडलेला दिवा सुरू करणं हे काम ताईंचं नाही, ते करून घेणं आपल्या सगळ्यांचं आहे.

बर्डीला पायी जा असं आम्ही म्हणत नाही. ते चार-पाच किलोमीटर होतं. पण ११ डिसेंबर २०२२ पासून इंदोरा चौकातून मेट्रो आहे. घरापासून स्टेशनपर्यंत पायी, बर्डीत उतरून बाजारात पायी. मेन रोडवर गाडी लावायला जागा शोधण्याचा ताप नाही. कामठी रोडवर २०२४ साली दुमजली पूल सुरू झाला. वर मेट्रो, तिच्याखाली उड्डाणपूल, त्याच्याखाली जुना रस्ता. लांब जाणाऱ्यांची चांगली सोय झाली. ज्याला फक्त खालचा रस्ता ओलांडून पलीकडच्या मेडिकलमध्ये जायचं आहे, त्याची सोय काय, हे विचारायचं मात्र राहून गेलं आहे. ते आपण विचारलं पाहिजे.

विचारायला आधार आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, पादचाऱ्यांना चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अपंगांनाही ते वापरता आले पाहिजेत. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा आणि उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, असं सांगते. आमच्या पोरांनी शिलाईवाल्या ताईंचा टेप नेऊन आपल्याकडची उंची मोजली. एका ठिकाणी ती त्याच्या दुपटीहून जास्त भरली. काठी टेकणाऱ्या आजींनी तिथे चढायचं कसं? म्हणून त्या खाली रस्त्यावरून चालत होत्या, आणि मग लोक म्हणाले, म्हातारी रस्त्याच्या मधून चालते.

इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. फुटपाथ मोकळा करा म्हटलं की पहिली गाडी भाजीवाल्या बाईच्या पाटीवर येते. असं होऊ नये. ती बाई आपल्यातलीच आहे, २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानं तिलाही हक्क दिलेले आहेत, आणि पायी चालणारा माणूसच तिचा खरा गिऱ्हाईक आहे. तिला आणि आपल्याला दोघांना पुरेल अशी जागा आखून मिळावी, अशी मागणी करावी. फुटपाथ जास्त कोणी अडवला आहे ते मोजलं तर उत्तर बहुतेक ठिकाणी उभ्या केलेल्या गाड्या असंच येतं. विहारासमोर रविवारी वंदनेच्या वेळी पाहा. काही उपासक इतक्या श्रद्धेनं अगदी पायरीला चिकटून गाडी लावतात की, आजींना आत यायला नालीच्या काठानं यावं लागतं.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक नागपुरात उतरतात. रेल्वे स्टेशनपासून दीक्षाभूमीपर्यंत लेकराबाळांना घेऊन, डोक्यावर बोचकी घेऊन चालतात. त्या दिवशी त्यांना कोणी गाडी बिघडली का म्हणून विचारत नाही. आपण रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांना पाणी देतो, जेवण देतो. त्या दिवशी शहराला चालणाऱ्या माणसाचा मान ठेवता येतो, म्हणजे ते अशक्य नाही.

वर्षावास संपला तेव्हा आमच्या सातांपैकी दोघं परत गाडीवर गेले. एकांचे गुडघे दुखू लागले, दुसऱ्याची नोकरी बदलली. पाच जण अजून चालतो आणि नवे सहा आले आहेत. नियम फारसे नाहीत. फुटपाथ नसेल तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूनं, समोरची गाडी दिसेल असं चालायचं. चालताना मोबाईल खिशात. अंधारात पांढरा किंवा फिका कपडा. कापडी थैली सोबत. आणि कोणी गाडी थांबवून बसा म्हणालं तर त्याला धन्यवाद देऊन, जमलं तर उतरवून सोबत घ्यायचं. आतापर्यंत एकच जण उतरला आहे.

शेवटी कामाचं. आम्ही एक अर्ज तयार केलेला आहे. त्यात चारच मागण्या आहेत: रस्ता ओलांडण्याच्या जागी पांढरे पट्टे आणि त्याच्या आधी गतिरोधक, नालीची फुटलेली तीन झाकणं बदलणं, उंच झालेल्या फुटपाथला उतार, आणि बोळातले दोन दिवे. सह्यांचे कागद भोजनदानाच्या टेबलाजवळ अंगणवाडी ताईंकडे आहेत. सही करताना आपण तो रस्ता आठवड्यातून किती वेळा पायी ओलांडता तेही समोरच्या रकान्यात लिहावं. शून्य असेल तर शून्य लिहावं.

सोमवारी सकाळी दहा वाजता विहाराच्या फाटकापासून निघून आपण तो अर्ज कार्यालयात नेऊन द्यायचा आहे. जाणं-येणं पायी. गाड्या घरी ठेवून यावं, विहारासमोर लावून नाही. आजी येणार आहेत. त्यांना सगळ्यात पुढे ठेवायचं आणि बाकीच्यांनी त्यांच्या मागून, त्यांच्याच चालीनं यायचं.

नमो बुद्धाय, जयभीम.